थेंबांची चिठ्ठी

बाबा, आज मी डोळ्यात घालायच्या थेंबांची चिठ्ठी पहिल्यांदा स्वतःच्या सहीने लिहिली. तुम्ही असतात तर तुमच्या भुवया आधी वर गेल्या असत्या. आपल्या दुकानात चष्म्याचा नंबर काढायचा, एवढंच आपलं काम. डोळा लाल दिसला की तुम्ही काचांच्या पेटीचं झाकण लावायचात. "डॉक्टरांना दाखवा, आमचं काम इथं संपलं." मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो, झाकण उघडायचं नाही. दहावीत मी एका मावशींना आईची उरलेली थेंबांची बाटली देऊन टाकते, आणि तुम्ही दुकान उघडं टाकून सायकलवर त्यांच्यामागे जाता. घामाघूम होऊन बाटलीसकट परत येता. "शिकलीस की दे. तोवर हात लावायचा नाही." संध्याकाळी मात्र माझ्यासाठी भेळ. रागावून झालं की खायला घालायची तुमची खोडच होती, आणि मला ती फार आवडायची.

इथे परदेशात, वॉटफर्डमध्ये, आम्हा नंबर काढणाऱ्यांनाही आता कायद्याने औषध लिहून देता येतं, पुढची परीक्षा दिली तर. पन्नाशीला टेकल्यावर मी ती दिली, पोरं हसली. आज सकाळी आयटीतला एक पुणेकर आला. डोळा लालभडक, उजेड सोसवत नव्हता.

"मॅडम, जीपीची अपॉइंटमेंट नेक्स्ट वीकची आहे. तोपर्यंत वेट करू का?"

"अजिबात थांबायचं नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की तो दचकलाच. नीट तपासलं, चिठ्ठी लिहिली, परवा परत बोलावलं.

तुमचाही डोळा अगदी असाच झाला होता. डोळ्यांचे डॉक्टर गावात शुक्रवारी यायचे आणि तो शनिवार होता. "येतील की शुक्रवारी," म्हणालात. त्या डोळ्याने तुम्हाला पुन्हा कधी नीट दिसलं नाही. दुसऱ्या डोळ्याच्या जोरावर दुकान चालवलंत, वर थट्टा करायचात की आता कटकटी गिऱ्हाइकं अर्धीच दिसतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस होतंय. मी तेव्हा डोळे तपासायचं शिकत होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीवर आले होते. औषध देता आलं नसतं, पण एसटीत बसवून तुम्हाला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेता आलं असतं. ती बाटली, ती सायकल आठवली आणि जीभ रेटेना. तुमचा डोळा बघताक्षणी मला कळलं होतं, बाबा, आणि मी चहा टाकायला आत गेले.