आईने काढलेले सूर्य

आई, तुला सूर्य काढायला सांगून मी रोज सकाळी रोह्याची एसटी पकडायचे, ते दिवस हल्ली फार आठवतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच चिकटले होते आणि तू पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचीस. साठवलेल्या पगारातून मी एक छोटी दुर्बीण घरी आणली, तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "लोकांच्या पोरी सोनं घेतात गो, तू नळकांडं आणलंस!" मुंबईतल्या एका हौशी खगोल मंडळाला ठिकठिकाणाहून सूर्यावरच्या डागांची चित्रं हवी होती. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यात दिसतील ते काळे डाग पेन्सिलीने जागच्या जागी टिपायचे, एवढंच काम. पण ऊन परसात यायच्या आत माझी एसटी सुटायची, म्हणून रविवार सोडून बाकीचे सूर्य तुझ्या गळ्यात पडले.

मी तुला एकच नियम शंभरदा सांगितला होता. काही झालं तरी नळीला डोळा लावायचा नाही, सूर्य फक्त कागदावर बघायचा. तू वैतागायचीस. "जल्मभर देवाचे डोळे काढलेत मी. डोळा सांभाळायचं मला नको शिकवूस." मग पदर खोचून पाटावर बसायचीस, कागद चिमट्याने फळीला लावायचीस, आणि पेन्सिल कुंचल्यासारखी अगदी टोकाला धरायचीस. शेजारची काकू भिंतीवरून विचारायची, "काय गो, आज काय म्हणतो सूर्य?" तू म्हणायचीस, "म्हणतोय, काकूला धुणं वाळत घालू दे." संध्याकाळी दमून घरी आले की चहाच्या आधी तो कागद माझ्या हातात यायचा. इतका नीटनेटका की मला माझ्या रविवारच्या चित्रांची लाज वाटायची.

त्या नीटनेटकेपणातच गोम होती, हे कळायला मला फार वेळ लागला. एका रविवारी मी बिंब पाडलं तर डाव्या अंगाला डागांचा मोठा पुंजका आणि उजवीकडे काहीच नाही. शनिवारच्या तुझ्या कागदावर मात्र डावीकडे एक डाग आणि उजवीकडे बरोबर तसाच एक. शुक्रवारचा काढून बघितला, तोही जोडीचा. सगळा आठवडा तू सूर्याला दोन-दोन डाग दिले होतेस, सारख्या उंचीवर, सारख्या अंतरावर. मला हसूच फुटलं. "आई, हा सूर्य आहे की गणपती?" तूही हसलीस. "एका बाजूला दिला की हात आपसूक दुसऱ्या बाजूला जातो गो. सवय." मी तुला कागदापाशी बसवलं आणि म्हटलं, आता बघ, उजवीकडे आहे का काही? तू वाकलीस. मान तिरकी करून, कडेकडेने बघायला लागलीस. मग हळूच म्हणालीस, "मला डावीकडचा पण नीट नाय दिसत. मधीच काळं येतं."

मग कळलं की कारखान्यातही तू कित्येक महिने हाताच्या सवयीवरच डोळे काढत होतीस. मालकाला पत्ता नव्हता. कदाचित डोळे अधू झाल्याचं तुझ्याआधी तुझ्या हातालाच कळलं होतं, आणि त्याने सांभाळून घेतलं होतं.

अलिबागच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ तपासलं. म्हणाले, मोतीबिंदू नाही, आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, गेलेली नजर परत येणार नाही. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "कधी सूर्याकडे बघत बसायची सवय होती का? ग्रहण वगैरे?" मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "नाय." उत्तर डॉक्टरांना दिलंस, पण मान माझ्याकडे वळवून. आई, त्या एका मान वळवण्याने मला इतकी वर्षं झोपू दिलं नाही. तू खरं बोललीस की मला वाचवलंस? घरात कुणी नसताना, कागदावर नीट दिसेना म्हणून, एकदाच, एवढासा, नळीला डोळा लावला होतास का? माझ्यासाठी, माझा कागद कोरा राहू नये म्हणून?

आळीत बभ्रा झालाच. पोरीच्या नळकांड्याने आईचे डोळे खाल्ले. काकू तोंडावर म्हणाली, बाकीचे पाठीमागे. मालक चांगला माणूस, त्याने तुला काढलं नाही, मागच्या पडवीत कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायला बसवलं. ज्या पाटावर तू डोळे काढायचीस तिथे दुसरी बाई बसली. तू तिला हाक मारून विचारायचीस, "नजर खाली ठेवलीस ना गो? भक्तावर पडली पायजे." मी दुर्बीण माळ्यावर टाकली तर तू माझ्यावर केवढी भडकलीस! "डोळे माझे गेले, तू कशाला आंधळी होतेस? काढ ती खाली." मी काढली. तू गेल्यावरही सूर्य टिपत राहिले, लग्न होऊन रोह्याला आले तरी. त्यात आवड किती आणि तुझ्या शब्दाखातर किती, ते आता मला सांगता येणार नाही. सवय म्हण.

आता नवी डिजिटल दुर्बीण आहे, डब्यासारखी. परसात ठेवली की ती स्वतःच सूर्य शोधते, फोटो काढते, फोनवर पाठवते, आणि तिथून तो मंडळाला जातो. नळीच नाही, त्यामुळे डोळा लावायचा प्रश्न नाही. या दिवाळीनंतर मला फोटोत सूर्याची कड एका जागी आत दबल्यासारखी दिसायला लागली. मी यंत्राला नावं ठेवली, भिंग पुसलं, दुकानदाराशी भांडले. शेवटी लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "आई, सूर्य गोलच आहे की."

मग डॉक्टरकडे गेले. पोरगेलासा डॉक्टर, मशीनवर चित्रं दाखवत म्हणाला, पडद्याच्या मधल्या भागाची झीज आहे, तुमच्या आईला होतं म्हणता तर घराण्यातूनच आलं असणार. मी विचारलं, सूर्याकडे बघितल्यामुळे नाही ना? त्याने विचारलं, बघितलंय का कधी? आई, मी कधीच नाही बघितलं. एकदाही नाही. माझ्याबद्दल तरी मला हे पक्कं ठाऊक आहे. "मग त्याचा काही संबंध नाही," तो म्हणाला, "आईंचंही हेच असणार." रिक्षात बसले आणि रडू आवरेना. रिक्षावाला बिचारा म्हणाला, "ताई, होईल बरं, आजकाल इलाज हायत." त्याला काय सांगू?

हे कुणाला दाखवायचं नाही आणि तुला पोचायचंही नाही, म्हणून लिहिते. घरी अजून कुणाला डॉक्टरांचं सांगितलेलं नाही. घाबरले म्हणून नव्हे. सांगताना माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसेल, आणि तो मला लपवता येणार नाही.