बाबांच्या गलाबियाचा कापूस आणि माझ्या रुखवताची गादी

आदरणीय मुतवल्लीमामा,

तुमचा हात डोळ्यांना लावून सलाम. तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि गच्चीवरची कबुतरं खुशाल असतील अशी आशा करते (चौकशी याच क्रमाने करायची, असं आईने बजावलं आहे). इकडे म्हैस व्याली, कालव्याला पाणी आलं, आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने टीव्हीच्या वर टांगलं आहे. दार जोरात लावलं की ते खाली पडतं. घरातली पहिली पदवी असल्यामुळे प्रत्येक वेळी सगळे जण ते उचलायला धावतात.

मागच्या पत्रात मी तुम्हाला पहिल्या वेचणीच्या कापसाची एक गोणी पाठवते असं कळवलं होतं, आणि तुम्ही महल्ला शहरातल्या सूत काढणाऱ्याला अन् विणकराला सांगूनही ठेवलंत. मामा, ती गोणी येणार नाही. तिच्यावर माझ्या होणाऱ्या सासूबाई बसून गेल्या.

सुरुवातीपासून सांगते. आमचे बाबा बत्तीस वर्षं लांब धाग्याचा कापूस पिकवत आहेत. तो कापूस बोटीत बसून समुद्रापार जातो, तिकडच्या श्रीमंतांच्या अंगावर चढतो, आणि बाबा गुरुवारच्या बाजारातला पॉलिस्टरचा पायघोळ गलाबिया घालतात. हिवाळ्यात तो डोक्यातून काढताना अशा ठिणग्या उडतात की मांजर चुलीमागे पळतं. गेल्या वर्षी आईच्या कानाचं औषध आणायला आम्ही तांता शहरात गेलो होतो. तिथे एका दुकानात दाराशीच एक सदरा टांगलेला होता. बाबांनी त्याची बाही अंगठा आणि बोटात धरून पाहिली. दुकानदार म्हणाला, "हात नका लावू चाचा, डाग पडेल." बाबांनी हात खिशात घातला. परतताना बसमध्ये अर्धा रस्ता संपल्यावर एवढंच म्हणाले, "धागा आपल्याच लांबीचा होता." त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या निकाहाला बाबा स्वतः पिकवलेल्या कापसाचा गलाबिया घालून बसतील. इतकी शिकून एवढंही करता आलं नाही, तर ते प्रमाणपत्र खालीच पडलेलं बरं.

मग मी गावाला शहाणं करायला निघाले. (शेतकीची पदवी असली तरी इकडे मला इंजिनीयरबाई म्हणतात, त्यामुळे पाण्याचा पंप बिघडला की मलाच हाक येते. पण तो विषय वेगळा.) वेचणीच्या बायकांना मी बांधावर बसवलं, काळ्या चादरीवर चिमूटभर कापूस ओढून सरळ केला आणि समजावलं की तंतू लांब असला की पीळ घट्ट बसतो, सूत बारीक निघूनही तुटत नाही, कापड मऊ राहतं, रंग नीट धरतं आणि धुऊन धुऊन त्यावर गोळे येत नाहीत. आखूड तंतूचं सूत म्हणजे आपली भाऊबंदकी, दर बोटभर अंतरावर कोणाचं तरी टोक बाहेर आलेलंच. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, क्रांती झाली. मग त्यांच्यातली उम्म शलबी म्हणाली, "पोरी, एवढा गुणाचा कापूस, तर गादी काय झकास होईल गं!"

आईने हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. रुखवताच्या गाद्या ट्रकवर चढवून, ढोल वाजवत मुलाच्या घरी जातात आणि अख्खा रस्ता त्या मोजतो, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्यांच्या मुलीच्या पाच होत्या, म्हणून माझ्या सहा. पाच बाजारच्या रद्दी कापसाच्या, आणि सहावी, वरची, सासूबाईंच्या डोळ्यांत भरेल अशी. मी प्रमाणपत्राची प्रत काढायला तांत्याला गेले होते तेवढ्यात आईने पिंजारी बोलावला. परतले तर गल्लीत चटई अंथरलेली, बायका तोंडाने लुलुलु करताहेत, आणि उस्ता गाबर पिंजणीच्या तारेने माझी गोणी बडवतोय! मी मध्ये पडले. म्हटलं, लांब तंतू सुतासाठी असतो, गादीसाठी नाही. गादीला आखूड, जाडाभरडा, चिवट कापूस लागतो. आपला हा लांब तंतू दबतो, गुंततो, त्याच्या गाठी होतात. बायकांना वाटलं नवरी भाषण करते आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्ता गाबर मात्र घाम पुसत म्हणाला, "बाई खरं बोलते आहे. हा माझ्या तारेला गुंडाळतोय." त्यावर आई म्हणाली, "तू बडव रे! पदवी तिला दिलीय, तुला नाही."

आठव्या दिवशी सासूबाई, म्हणजे हाजा तफीदा, रुखवत बघायला आल्या. पाच गाद्यांवर बसल्या, हसल्या. सहावीवर बसल्या आणि उभ्या राहिल्या. "बटाटे भरलेत काय गं?" आई माझ्याकडे बघू लागली, जणू गाठी मी विद्यापीठातून आणल्या होत्या. मी शांतपणे सांगितलं की जगातल्या उत्तम कापसापैकी आहे. हाजा म्हणाल्या, "असेल बाई. पण माझा मुलगा झोपणार आहे, समुद्रापार जाणार नाही."

मी रडले तर बाबा म्हणाले, "गलाबियाचं काय घेऊन बसलीस? पॉलिस्टरला इस्त्री लागत नाही." मामींना सलाम.

तुमची भाची,
इन्साफ

ता. क. निवृत्तीच्या वेळी गिरणीने तुम्हाला दिलेलं लांब धाग्याचं पांढरं कापड मामींनी अजून पिशवीत जपून ठेवलं आहे ना? ते गलाबियाला पुरेल. बाबांना सांगा की अर्धी गोणी मी तुमच्याकडे आधीच पाठवली होती आणि हे कापड तिचंच आहे. मी खोटं बोलत नाही, हे तुम्ही जाणता. म्हणूनच हे तुम्हाला बोलायला सांगते आहे.

आणखी ता. क. माझा स्वतःचा निकाहाचा पोशाख नायलॉनचा आहे. भाड्याचा. फार चमकतो. मला आवडला. बांधावरच्या बायकांना कळता कामा नये.

शेवटचं ता. क. बाबांनी पत्र वाचून दाखवायला लावलं. नायलॉन मी गाळलं, पण गोणीवर माझी जीभ अडखळली आणि त्यांनी सगळं वदवून घेतलं. म्हणाले, "लिही मामाला, आपला कापूस मला अंगठ्याने ओळखता येतो, फसवू नका. कापड मात्र पाठवा. बाह्या रुंद ठेवा." मग पॉलिस्टरच्या खिशातून मूठभर कापूस काढला, पहिल्या वेचणीचा, ओढून ओढून रेशमासारखा झालेला. तांत्याच्या त्या दुकानापासून बहुधा हीच सवय लागली असावी. तो गळपट्टीच्या आत शिवायला सांगितला आहे. तोच या पाकिटात आहे, म्हणून ते फुगलं आहे. उघडण्याआधी त्यावर कोणी बसू नका.