एका पैशाचे भांडण

पनवेल, १६ एप्रिल १९५७

ति. काशीरामदादास,
वेणूचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. नव्या पैशांनी बाजारातल्या बायकांचे डोके उठवले आहे. एका आण्याचे सहा नये पैसे, पण तीन आण्यांचे एकोणीस. काल गुणाबाईने तीन आण्यांची सुकट मागितली. मग बोटे मोजून म्हणाली, आण्याआण्याची तीनदा दे, अठराच होतात. मी नाय म्हटले. त्या एका पैशावरून आम्ही दुपारपर्यंत भांडलो. शेवटी तिने एकोणीस दिले.

ह्यांना खाडीने नेले त्याला आता सहा महिने होतील. मला अजून रडू येत नाही. शेजारची ठमाबाई म्हणते, आतल्या आत ठेवू नकोस. आत काय ठेवले आहे तेच मला सापडत नाही.

ह्यांची होडी विकली. जासईच्या गणूने दोनशे ऐंशी रुपये सांगितले, मी बरे म्हटले.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी असू दे.
वेणू


माझगाव, २१ एप्रिल

चि. वेणूस,
काशीरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी दोन दिवस रागातच होतो. भगवानरावांनी होडी पाचशेला बांधून घेतली होती. आजही तिचे साडेतीनशे कोणीही दिले असते. सत्तर रुपयांचे नये पैसे किती होतात ते तुझ्या गुणाबाईला विचार. सात हजार. एका पैशासाठी अर्धा दिवस भांडलीस आणि सात हजार एका शब्दात सोडलेस. मला विचारायचे तरी होतेस.

तुझी वहिनी म्हणते, पोरीला असे लिहू नका. पण लिहून झाले आहे. प्रकृतीला जप, आणि उत्तर धाड.
तुझा दादा


पनवेल, २७ एप्रिल

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणतोस ते खरे आहे. पण सुकटीचा कालचा भाव मला ठाऊक असतो, परवाचा असतो, उरणच्या बायका काय घेतात तेही असते. होडी कशाशी ताडून बघू? मी दुसरी होडी कधी विकली नव्हती. गणू दोनशे म्हणाला असता तरी मी बरे म्हटले असते. तो नोटा मोजत होता तेव्हा मी मनगटाला चिकटलेला खवला काढत होते.

परवा आणखी एक झाले. वाण्याने विडीच्या बंडलाचे तेरा पैसे मागितले. दोन आण्यांचे बारा होतात, मी जागची हलले नाही. तो म्हणाला, बाई, सगळे गिऱ्हाईक तेरा देते. मी म्हटले, देऊ दे. अखेर बाराला घेतले. पार घरापर्यंत बरे वाटत होते. दारात आल्यावर हातातले बंडल दिसले. बाजारातून येताना ह्यांच्यासाठी ते घ्यायची नऊ वर्षांची सवय.

मग ओट्यावर बसून राहिले. चूल उशिरा पेटवली.

उद्या ते वाण्याला परत नेणार आहे. तो बारा देईल की अकरा, कोण जाणे.

रागावला असलास तरी लिहीत जा.
वेणू


माझगाव, ३० एप्रिल

चि. वेणूस आशीर्वाद.

होडीचे मी लिहिले ते मनावर घेऊ नकोस. बंडल परत नेले नसशील तर नेऊ नकोस. शनिवारी दुपारी मी येतो. विडीने मला खोकला येतो, पण आपण ओट्यावर बसू आणि मी एक ओढीन. तुला बोलायचे नसेल तर बोलू नकोस.

दादा