पडकाच बांधलेला बुरूज

ऑडली, ३ मार्च १९५३

ती. लायनेलदादास,
सा. न. वि. वि.

हवेली शाळेला विकली तेव्हा पपा माझ्याकडे येतील म्हणून मी मागची खोली रंगवून घेतली. त्याला वर्ष झालं. ते जाऊन राहिले नदीकाठच्या बुरुजात. पणजोबांनी बागेची शोभा म्हणून हौसेने पडकाच बांधून घेतलेला तो, अर्धं छप्पर मुळातच नाही. थंडीत ओव्हरकोट घालून स्टोव्हवर टोस्ट भाजत बसतात.

आता नदीकडच्या भिंतीला भेग दिसते आहे. माझा हात मनगटापर्यंत आत जातो. मी गवंडी नेला. तो म्हणाला, भिंत फुगली आहे, यंदाचा पूर काढणार नाही. पपा म्हणाले, पणजोबांनीच काढवून घेतलेली भेग ती, आणि मूळ नकाशा त्याच्यापुढे धरला. नकाशात भेग होती. गवंडी टोपी घालून निघून गेला. पाऊस लागला की वर्गात शिकवताना मला साधी बेरीज सुचत नाही. पपा तुझं ऐकतात, तू लिही.

बाकी क्षेम, उत्तर मात्र लगबगीने यावं.
हेस्टर

ब्रिस्टल, ७ मार्च

चि. हेस्टरीस,
अ. उ. आ.

माझं ऐकतात हा तुझा जुना गैरसमज. मी चार पानं लिहिली, उत्तरात त्यांनी माझ्या अक्षराला नावं ठेवली. पण एक सांगतो. लहानपणी गोवराच्या वेळी तो नकाशा महिनाभर माझ्या पलंगासमोर टांगलेला होता. त्यात भेगा दोनच, दोन्ही बागेकडे. नदीकडे भेग काढून दाखवायची कोणाला, बदकांना? पुन्हा नीट बघ. तुला धीर धर म्हणणार होतो, पण मीच सकाळपासून येरझारा घालतो आहे.

तुझ्या काळजीचा निम्मा वाटेकरी,
लायनेल

ऑडली, १२ मार्च

ती. लायनेलदादास,
सा. न. वि. वि.

बाहेर उजेडात नेऊन पाहिला. सगळा नकाशा तपकिरी शाईत, आणि नदीकडची भेग पपांच्या पेनाच्या निळ्या शाईत. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. दादा, मी इतकी संतापले की नकाशा त्यांच्यापुढे आपटायलाच निघाले होते. दारातून पाहिलं तर ते कोपऱ्यात बसून मोजे वाळवत होते, आणि माझं अवसान गळालं. भिंतीचं नावच काढलं नाही. म्हटलं, शाळेतून घरी गेले की बोलायला कोणी नसतं, मला एकटीला करमत नाही.

त्यांनी स्टोव्ह विझवला. मग म्हणाले, "वर्षभर तू मला भिंतीचंच सांगत होतीस. हे आज पहिल्यांदा म्हणालीस." आणि ओले मोजे तसेच पायांत चढवू लागले.

लोभ आहे हे तोंडाने सांगतही जावं, ही विनंती.
हेस्टर