तळ्याची जागा

नेरूळ,
६ फेब्रुवारी

चि. नंदकुमार यास श्यामसुंदरचे अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार. माणसाने आपल्या मेहुण्याला अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवू नये. मंगलाचरणात साताऱ्याची थंडी, पूर्वपक्षात गुळाचा भाव, मधे तुमच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि सिद्धांत अगदी शेवटी, तोही कुजबुजत. आमचे शास्त्रकार निदान विषय तरी आधी सांगत. शिवाय माझ्या फोनला कुजबुजणं जमत नाही, तो सगळं मोठ्यानेच बोलतो. म्हणजे "दाजी, अक्काला यातलं काही कळू देऊ नका" हे तुझं वाक्य अक्काने माझ्याबरोबरच ऐकलं.

तेव्हा उत्तर कागदावर.

तू म्हणतोस, औषधाच्या कंपनीत तुझा मित्र आहे, रूपेश. अक्काला मिळणाऱ्या पुड्यांत खरं औषध आहे की नुसती साखर, ते त्याच्या ओळखीने कळेल. साखर निघाली तर तिला या चाचणीतून काढून साताऱ्याला तुझ्या वैद्यांकडे न्यायचं. त्याचा नंबरही दिलास. तुझा जीव तुटतो म्हणून दिलास, हे मला कळतं. रागावलेलो नाही.

पण इथलं कामकाज तुला ठाऊक नाही. निम्म्या रोग्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची पूड. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं, आणि चाचणी घेणाऱ्या डॉक्टर सुनयनांनासुद्धा ते माहीत नाही. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांना चालू आहेतच. आता असं गुपित असलं की माणसं काय करतात? दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसून तर्क लढवतात. दिवाळे गावच्या पोपटरावांना मळमळ सुरू झाली, तर सगळ्या बाकाने त्यांचं अभिनंदन केलं. मळमळ म्हणजे खरं औषध! एका गृहस्थांना तर उलटी होईना म्हणून रडू आलं. तुझी अक्का ठणठणीत पोटाने बसलेली, आणि मी तिच्याकडे कीव करून पाहत होतो.

पोपटराव होडीवाले. त्यांचेही स्नायू अक्कासारखेच एकेक करून संपावर गेलेले. त्यांची बायको वेणूबाई एकदा अक्काच्या शेजारी येऊन बसली आणि तिने पदराखालून पुड्या काढल्या.

"ताई, आमच्यातल्या अर्ध्या तुमी घ्या, तुमच्यातल्या अर्ध्या आमाला द्या. कोनाची खरी, कोनाला म्हाईत? दोघांच्या पोटात थोडं थोडं तरी खरं जाईल. आमी म्हावरा असाच वाटून घेतो."

नंदू, खोटं कशाला सांगू, मी आमची पिशवी उघडायला लागलो होतो. इतकं सरळ दातृत्व मी कुठल्या सुभाषितात वाचलेलं नाही.

अक्काने मान हलवली. तेव्हा तिला बऱ्यापैकी बोलता येत होतं. "वेणूबाई, असं केलं तर औषधाने गुण येतो की नाही, ते कुणालाच कधी कळणार नाही. मागून येणाऱ्याला परत पहिल्यापासून सुरुवात."

"मागून येनारा कोन? तुमच्या वळखीचा हाय काय?"

"नाही."

"माज्याबी नाय," वेणूबाई म्हणाली. पुड्या परत पदराखाली गेल्या. जाताना तिने सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात ठेवली. "मंग हे तरी घ्या. यात काय लपवाछपवी नाय." बोंबील घेऊन बसमध्ये बसलेला संस्कृतचा मास्तर पाहायला तू हवा होतास.

पोपटराव दिवाळीआधी गेले. मळमळीसकट.

त्यावरून मी काय काय अनुमानं काढली असतील! अक्काने एका वाक्यात मोडली: एका माणसावरून काहीच ठरत नाही. तुला आठवतं ना, आठवीची पोरं प्रयोग न करताच उत्तर लिहीत, तेव्हा ती काय म्हणायची? "पुस्तकात काय आहे ते मला पाठ आहे. तुझ्या नळीत काय आलं ते सांग."

तिच्या विज्ञानाची मी जन्मभर थट्टा केली, की यात नवीन ते काय, आमच्याकडे अन्वय-व्यतिरेक आहेच. जिथे धूर तिथे अग्नी, हे स्वयंपाकघरात पाहायचं. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हे तळ्यावर पाहायचं. दोन्ही पाहिल्याशिवाय निष्कर्ष नाही. वर्गात तीस वर्षं शिकवलं. पण ते तळं होतं, नंदू. तळ्याला काही वाटत नाही. इथे त्या जागी, साखरेच्या पुड्या घेत, माझी वैजयंती बसलेली असू शकते.

तुझा मेसेज संपल्यावर ती बराच वेळ हसली. आताशा हसू तिला आवरत नाही. मग म्हणाली, "नंदूला कॉलेजात टीबी झाला तेव्हा तो ज्या गोळ्यांनी वाचला, त्या आधी अनोळखी माणसांवर तपासल्या होत्या. काहींना मुद्दाम न देऊन. त्यांच्या भावांना ओळख सापडली असती, तर नंदू आज नसता. त्याला सांग, फोन करायचा नाही."

मी हे सरळ वाक्यांत लिहिलं आहे. ऐकताना ते असं नव्हतं. तुकडे होते, मी जोडले.

तिचे हात गेले, हे तुला कळवलं होतं. वाचाही चालली आहे, हे कळवलं नव्हतं. काल दुपारी ती काहीतरी म्हणाली, मी "हो" म्हणालो. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा "हो". मग तिने नजर वळवली. तिला पाणी हवं होतं, की पंखा बंद करायला हवा होता, मला अजून माहीत नाही.

सुनयना म्हणतात, बोलणं थांबलं तरी डोळ्यांनी विचारता-सांगता येईल. वर पाहिलं की हो, मिटले की नाही. आम्ही सराव करतो. जमतं.

रूपेशचा नंबर मी पुसलेला नाही. तिचं म्हणणं खरं आहे, हे मला कळतं. पण मी थांबलो आहे तो त्यामुळे नव्हे. ती समोरून "नाही" म्हणते, म्हणून थांबलो आहे. रूपेशला आजच सांग, माझा फोन आला तर उचलू नकोस. मी कितीही गयावया केली तरी.

थोड्याच दिवसांत तिला तिचं "नाही" नुसत्या पापण्यांनी सांगावं लागेल. आणि मला भीती वाटते की तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहत असेन.

तुझा दाजी,
श्यामसुंदर