आप्पांची विमानातली पूजा

आत्या, परवा नांदेडहून विमानाने बंगळूरला लेकीकडे आले. तुझ्या वेळी मी असं वाक्य बोलले असते तर घरातले हसले असते. आता मुखेडचा, लोह्याचा माणूस सकाळी शेतात चक्कर टाकतो आणि दुपारच्या विमानाला हजर होतो. माझ्या पुढच्या रांगेत हदगावकडचं एक जोडपं होतं, पोराला नोकरी लागली म्हणून त्याची खोली बघायला निघालेलं. गुरुद्वाराचं दर्शन करून परतणारी शीख मंडळी होती. कुणी नटूनथटून आलं नव्हतं. कित्येकांच्या पायात साध्या चपला होत्या आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मला ते फार आवडलं. पाणी विकत घ्यावं लागतं, गुडघे पुढच्या खुर्चीला घासतात, ताटाऐवजी गरम पाणी ओतलेल्या शेवयांचा कागदी पेला मिळतो, हे सगळं खरं. पण लातूरच्या बाजारात विमानात बसलेली माणसं बोटावर मोजण्याइतकीच असत, ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांतली एकच सकाळ मला पुन्हा पुन्हा आठवते, ती तुझी आहे.

तू नोकरीला लागलीस तेव्हा मी शाळेत होते. सरकारी विमान कंपनीत आपल्या घरची मुलगी निवडली गेली याचा मला केवढा अभिमान वाटला होता. पण आप्पांच्या आडतीवर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी बोललं, लेकीला लोकांची उष्टी उचलायला पाठवता का म्हणून. गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंबही न घेणारा माणूस तो. त्यांना ते फार लागलं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते तुला एवढंच म्हणाले, "हेच काम करायचं आसंल तर ह्या घरी यायचं न्हाई." तू चुलीवरची भाकरी उलटलीस, शेकून टोपलीत ठेवलीस, हात धुतलेस आणि बॅग भरायला गेलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडली नाहीस आणि नोकरीही सोडली नाहीस. पुढे कितीतरी वर्षं बाबा हैदराबादला जाऊन तुला भेटून येत. तू दिलेले छोटे साबण, चॉकलेटं, जेवणाची छापील कार्डं माझ्यासाठी आणत आणि आप्पांना दिसू नयेत म्हणून मी ती गादीखाली ठेवत असे.

मग आप्पांच्या साखरेने त्यांचे डोळे धरले. एक जवळजवळ गेला, दुसऱ्याने सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. हैदराबादच्या डॉक्टरांनी लगेच मुंबई गाठायला सांगितलं. बाबांनी तुला फोन केला, तिकिटं तूच काढलीस, हे आप्पांना कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, आप्पांचा हात धरायला म्हणून गेले. सकाळी हैदराबादच्या पाहुण्यांकडे त्यांची अंघोळ झाली, साखरेची गोळीही त्यांनी पाण्याशिवायच गिळली, पण गाडी दारात येऊन उभी राहिली आणि पूजा राहिली.

विमानाचं दार लागतं. पोटपट्ट्या बांधा असं हिंदीत, मग इंग्रजीत सांगणारा आवाज येतो आणि माझ्या हातातला आप्पांचा हात एकदम ताठ होतो. "कोण बोलायलंय हे?" ते विचारतात. बाबा खाली बघत म्हणतात, "आपलीच हाय, आप्पा." आप्पा तोंड खिडकीकडे फिरवतात. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं.

विमान वर स्थिर झालं तेव्हा त्यांना घाम फुटला, बोटं थरथरायला लागली. गोळी पोटात होती, अन्न नव्हतं. मी बिस्किट पुढे केलं तर मानेनेच नको म्हणाले. पूजा झाली नव्हती. बाबा विनवत होते, चिडत होते, आप्पा ओठ घट्ट मिटून बसले होते. तेवढ्यात तू आलीस. तुला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "आप्पा, मागं जागा हाय. बसून पूजा करा, मग खा." कंपनीची साडी नेसून तू आपल्या घरचं बोलत होतीस. बाबांनी आणि तू त्यांना दोन्हीकडून धरून नेलं. मागच्या बाजूला तुमची घडीची खुर्ची होती, तिथे बसवलंस. कधीच न वापरलेला पेला काढून पाणी दिलंस आणि पडदा ओढून त्याच्या बाहेर आमच्याकडे पाठ करून उभी राहिलीस. मी आत होते. आप्पांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, भस्म लावलं. विमान जरा कललं तसे ते थांबले. "कोण हाय तिकडं?" "मी हाय, आप्पा. तुम्ही करा."

पूजा झाली आणि तू त्यांना उपमा खाऊ घातलास. चमचा त्यांच्या हातातून निसटत होता म्हणून तू भरवलास. त्यांनी तोंड उघडलं. जागेवर परतलो तेव्हा मागच्या एका म्हातारीला उलटी झाली. तू तिच्या तोंडाशी पिशवी धरलीस, ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसलंस, पिशवी घेऊन गेलीस आणि परत येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. आप्पा कान देऊन ऐकत होते. "वळखीची हाय का तिच्या?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले.

उतरताना तू दारात हात जोडून उभी होतीस, सगळ्यांना नमस्कार करत. आप्पा तुझ्यासमोर थांबले. मागे माणसं खोळंबली. "सुट्टी मिळती का गं तुला?"

"मिळती, आप्पा."

"मग घरी ये. सण कशाला पाहिजे, कधी बी ये."

एक डोळा वाचला. तू आलीस तेव्हा त्यांनी तुला आडतीवर नेऊन गादीवर आपल्या शेजारी बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, लेक विमानात माणसं सांभाळते. ते गेले, मग तूही लवकर गेलीस, निवृत्तीची वर्षंसुद्धा तुला मिळाली नाहीत. तुझी कंपनी आता त्या नावाने उडत नाही.

परवा विमानात जी मुलगी होती ती तुझ्यासारखी दिसत नव्हती. तिला उतारू उतरले की लगेच स्वतःच सीटांमधला कचरा गोळा करावा लागतो, मध्येच वस्तू विकाव्या लागतात, हसावं लागतं. तुमच्याइतका वेळ या मुलींना कुणी देत नाही, याचा मला राग येतो. तरी देगलूरकडच्या एका आजोबांना पट्टा जमेना तेव्हा ती गुडघ्यावर बसली, तेलुगूत काहीतरी बोलली, ते हसले आणि तिने पट्टा लावून दिला. हे तिला शिकवलेलं असेल किंवा तिच्या घरचं असेल. मला तिचं फार कौतुक वाटलं. उतरताना तसं म्हणालेही, तर ती लाजली.

लेक आत्ता ऑफिसला गेली आहे. ती यायच्या आत हे पान घडी करून पर्समध्ये ठेवीन. ती विचारेल आणि मला नीट सांगता येणार नाही. एक मात्र तुला सांगून टाकते. माझी बी.एस्सी. झाल्यावर तू विचारलं होतंस, माझ्या नोकरीत येतेस का, आणि मी म्हणाले होते की मला पुढे शिकायचंय. शिकायचं होतंच, पण मला विमानाची भीती वाटते, आत्या. आप्पांबरोबरच्या त्या पहिल्या प्रवासापासून. परवासुद्धा चाकं जमिनीला टेकेपर्यंत शेजारच्या अनोळखी बाईंचा हात मी घट्ट धरून ठेवला होता, आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.