पाचव्या वेळचं द्रावक

बाई, आज वाळूजच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतलं माझं टेबल रिकामं केलं आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एम.एस्सी.ला तुम्ही रसायनशास्त्र शिकवलंत, त्याच्या जोरावर मी गेली तीन वर्षं एकच काम करत होते. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून कापडाचा धागा होतो, पण त्याला हेमिसेल्युलोज चिकटून बसलेलं असतं. ते काढल्याशिवाय धागा चांगला निघत नाही. आम्ही ते एका द्रावकानं वेगळं करत होतो. त्या द्रावकात पाणी नेमकं लागतं. जास्त झालं तर काहीच विरघळत नाही, कमी पडलं तर सेल्युलोजही विरघळतं आणि सगळ्याची खळ होते. "मॅडम, गाळणीवर लई चिकट आलंय, खाली थेंब उतरंना," असं आमचे ऑपरेटर सांगत आले, की तो दिवस गेला म्हणून समजायचं.

शेवटी जमलं. तंतू तसेच राहिले, हेमिसेल्युलोज तेवढं निघून आलं. पण द्रावक महाग, तेच पुन्हा पुन्हा वापरता आलं तर कारखान्याला परवडणार. चार वेळा ते नीट चाललं. पाचव्या वेळी काळपट झालं आणि हेमिसेल्युलोज लगद्यातच राहिलं. पुन्हा सगळं करून पाहिलं, पुन्हा तेच. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "रिपोर्टात चार वेळचेच आकडे दाखवा. पाचव्याचं नंतर बघू." मी तेवढेच दाखवले. मालक खूश झाले, मोठं यंत्र मागवायचं ठरलं.

तुमच्या तासाला मी एकदा न जुळणारा आकडा खोडला होता. "हे कुणी खोडलं?" तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. मी म्हणाले, "मीच. जुळत नव्हता." "जुळत नाही म्हणून खोडायचं? मग उद्या मी तुला हजेरीपटावरून खोडू?" सगळा प्रयोग तुम्ही पुन्हा करायला लावलात आणि माझी घरी जायची, खुलताबादची शेवटची बस गेली. तुम्ही आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवलात, मला छावणीतल्या घरी नेलंत. तुम्ही पोळ्या लाटताय, मी स्वयंपाकघरात पाटावर बसून वही पुन्हा लिहितेय, नाक ओढतेय. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणता, "रडून झालं असेल तर वरण गरम आहे." सकाळी निघताना तुमचा प्रयोगशाळेतला सुती ॲप्रन दिलात. त्याच्या बाह्या मला दोनदा दुमडाव्या लागायच्या.

रिपोर्ट दिल्यावर पंधरा दिवसांनी, एका सकाळी, मी पाचव्या वेळचे आकडे थेट मालकांना पाठवले. यंत्र रद्द झालं, काम बंद पडलं. साहेब आता माझ्याशी बोलत नाहीत. ऑपरेटरना पॅकिंगला टाकलं. जाताना ते म्हणाले, "मॅडम, सांगायचं व्हतं तर आदीच सांगायचं. न्हाय तर सांगायचंच नव्हतं." उद्यापासून मी कारखान्याचं सांडपाणी तपासणार आहे. तिथं रोज तेच चार आकडे भरायचे असतात.

गारखेड्याच्या घरी सगळे म्हणतात, खरं बोललीस, बरं केलंस. मी मान हलवते. तुम्हीही तेच म्हणाला असता, आणि मी तुमच्यापुढंही मान हलवली असती. म्हणून हे कागदावर लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्या सकाळी मला खऱ्याखोट्याचं काहीच सुचलं नव्हतं, बाई. मोठं यंत्र आलं असतं तर आणखी तीन वर्षं तीच खळ खरवडत बसावं लागलं असतं. मी थकले होते. मला फक्त ते थांबायला हवं होतं.